चेहऱ्याकडे नको, कापडाकडे बघा: एदोच्या छापचित्रांतल्या नटलेल्या बायका

काजळरेघ (धागाकर्ती)

जपानी लाकडी ठशांची चित्रं म्हटलं की बहुतेकांना होकुसाईची ती निळी लाट आठवते. पण ती लाट उशिराची, १८३१ च्या सुमाराची. त्याआधीची दीडशे वर्षं एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, चित्रविक्यांचा गल्ला भरत होता तो मुख्यतः दोन विषयांवर: काबुकी नाटकातले नट आणि नटलेल्या बायका. बायकांच्या या चित्रांना तिथे 'बिजिन-गा' म्हणतात. बरीच वर्षं मी याच चित्रांच्या नादी लागले आहे. मराठीत यावर निवांत गप्पा मारायला जागा हवी होती, म्हणून हा धागा.

नव्याने बघणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: "या सगळ्या सारख्याच दिसतात." तक्रार रास्त आहे. लांबुडका चेहरा, एका फटकाऱ्यात काढलेलं नाक, डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा, इवलंसं तोंड. बरं, चित्रकारांना ओळखू येईल असा चेहरा काढता येत नव्हता म्हणावं तर तसंही नाही. १७६० नंतर कात्सुकावा शुन्शो आणि त्याचे शिष्य नटांचे चेहरे असे काढायला लागले की पोशाख बदलला तरी नट ओळखू यावा. बाईच्या बाबतीत मात्र ही मेहनत कुणी घेत नसे. तिचा चेहरा म्हणजे त्या दशकात चालणारा चेहरा. हारुनोबूच्या १७६० च्या दशकातल्या मुली फुंकर मारली तर उडतील इतक्या नाजूक. कियोनागाच्या १७८० च्या दशकातल्या बायका उंच, शेलाट्या, तीन-तीन कागद जोडून केलेल्या चित्रात रांगेने चालणाऱ्या. उतामारोने १७९० च्या दशकात त्यांना एकदम जवळ आणलं, नुसतं डोकं आणि छातीपर्यंतचा भाग. एइसेन आणि कुनिसादाच्या काळात, १८२० नंतर, त्या ठेंगण्या झाल्या, पाठीत जरा पोक आला, जबडा रुंद झाला. साठ वर्षांत एदोच्या बायकांची हाडं काही बदलली नव्हती. बदलली ती आवड.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही चित्रं बघताना नजर चेहऱ्यावरून खाली आणा. किमोनोचं कापड, कमरेचा रुंद पट्टा म्हणजे ओबी, केसांची रचना, हातांची बोटं. चित्रकाराचा जीव तिथे गुंतलेला आहे, आणि पैसाही तिथेच गुंतलेला होता.

हिशिकावा मोरोनोबूचं मागे वळून बघणाऱ्या बाईचं चित्र घ्या. हे हाताने रंगवलेलं चित्र आहे, ठशाचं नाही, पण सगळ्याची सुरुवात तिथून होते म्हणून सांगते. सतराव्या शतकाच्या शेवटाकडचं. लाल किमोनो, आणि बाई चालता चालता मागे वळून बघते आहे. ती का वळली? कुणी हाक मारली असेल, असेल. पण वळल्यामुळे काय झालं, तर तिची पाठ आपल्याकडे राहिली आणि पाठीवर बांधलेली ओबीची गाठ पूर्ण दिसली. त्या गाठीचं नाव किचिया. उएमुरा किचिया नावाच्या नटाने ती रंगमंचावर आणली आणि बायकांनी उचलली. हा किचिया पुरुष. काबुकीत बायकांच्या भूमिका पुरुषच करत. १७४१ मध्ये सानोगावा इचिमात्सु या नटाने दोन रंगांच्या चौकटींचं कापड नेसलं, ते इतकं चाललं की त्या चौकटींना आजही इचिमात्सुच म्हणतात. टोकियो २०२० ऑलिंपिकचं बोधचिन्ह आठवा, निळ्या चौकटींचं, तेच ते. दुसरा सेगावा किकुनोजो हा नट, त्याच्या टोपणनावावरून 'रोको' नावाचा एक तपकिरी रंग बाजारात आला. म्हणजे बाईने कसं दिसावं हे आधी रंगमंचावरचा पुरुष ठरवणार, मग दुसरा पुरुष त्याचं चित्र काढणार, आणि मग शहरातल्या बायका ते बघून कापड मागणार. हा फेरा मला फार विलक्षण वाटतो.

कापडाचा आणि चित्राचा संबंध किती उघड होता ते बघायचं तर इसोदा कोर्यूसाईची १७७६ च्या आसपास सुरू झालेली मालिका बघा. शंभराहून जास्त चित्रं. प्रत्येकात योशिवारा या परवानाधारक वस्तीतली एखादी नामांकित गणिका, सोबत दोन लहान मुली, आणि अंगावर नवीन नक्षीचा किमोनो. मालिकेच्या नावातच नव्या नक्षीचे नमुने असल्याची जाहिरात आहे. पुढे एइसेनच्या वेळी तर पांढऱ्या पावडरीची पुडीच चित्रात यायला लागली. क्योबाशीतल्या साकामोतो नावाच्या दुकानाची 'बिएन सेंजोको'. कधी बाईच्या हातात, कधी आरशाजवळ, कधी नुसतं नाव कोपऱ्यात. आजच्या मालिकांमध्ये नायिकेच्या ड्रेसिंग टेबलावर क्रीमची डबी लेबल पुढे करून ठेवलेली असते, त्यात आणि यात मला काही फरक दिसत नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. उतामारोचं १७९३ च्या सुमाराचं तीन बायकांचं चित्र. वर तोयोहिना, ही गाणारी गेइशा. खाली दोन मुली, ओकिता आणि ओहिसा. ओकिता चहाच्या दुकानात काम करायची, ओहिसा तांदळाच्या पापडासारख्या 'सेंबे'च्या दुकानदाराची मुलगी. दोघी गणिका नव्हत्या, साध्या कामकरी मुली होत्या, आणि त्यांना बघायला दुकानापुढे गर्दी व्हायची. पहिल्या नजरेला तिघी सारख्या. मग किमोनोवरची चिन्हं दिसतात: ओकिताचं पावलोनियाचं, ओहिसाचं तीन ओकच्या पानांचं, तोयोहिनाचं प्रिमरोझचं. आणि त्यानंतर, चित्र बराच वेळ समोर ठेवलं तर, चेहऱ्यात पण फरक दिसायला लागतो. एकीचं नाक किंचित बाकदार, दुसरीचं सरळ. एकीचा गाल भरलेला. केसाएवढा फरक, पण तो आहे. उतामारो फॅशनच्या साच्यातच काम करतो, आणि साचा न मोडता त्यात एक माणूस बसवतो. हे त्याच्याआधी कुणी केलं नव्हतं असं माझं ठाम मत आहे.

सरकारला नेमकं हेच खुपलं. शोगुनचा मुख्य कारभारी मात्सुदाइरा सादानोबू, त्याच्या सुधारणांचा काळ. १७९० पासून प्रत्येक चित्राला तपासनिसाचा शिक्का लागायला लागला. १७९३ मध्ये हुकूम निघाला की गणिका सोडून बाकी बायकांची नावं चित्रात छापायची नाहीत. मग उतामारो आणि प्रकाशकांनी नावाच्या जागी कोडं छापलं. ओकिताच्या दुकानाचं नाव नानिवाया. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात चौकटीत काढलं काय? मोहरीसारख्या भाजीच्या दोन जुड्या (ना-नि-वा), एक बाण (या), खोल समुद्र (ओकी), भातखाचर (ता). वाचा: नानिवाया ओकिता. १७९६ मध्ये कोड्यांवरही बंदी आली. १८०० मध्ये मोठ्या चेहऱ्यांच्या चित्रांवर आली. १८०४ मध्ये उतामारोला तोयोतोमी हिदेयोशी या सोळाव्या शतकातल्या सत्ताधीशाची चित्रं काढल्याबद्दल पकडलं आणि पन्नास दिवस हातात बेड्या घालून ठेवलं. १८०६ मध्ये तो गेला.

गणिकेचं नाव छापलं तर चालतं, चहा देणाऱ्या मुलीचं नाही. का? माझ्या मते गणिकेला समाजात ठरलेली जागा होती, कुंपणाच्या आत. साधी मुलगी नुसत्या दिसण्यावर शहरभर गाजते, हे पचणं अवघड होतं.

तुम्ही काय बघितलंय, काय आवडतं, लिहा.

---

कोकणकन्या

वाचनखूण साठवली! ती भाजीच्या जुड्यांची गंमत फारच आवडली. एक विचारू? या बायकांच्या कपाळावरचे केस एकेक वेगळे दिसतात. लाकडात इतकं बारीक कसं कोरत असतील? मी स्क्रीनवर मोठं करून बघितलं, तरी रेघ तुटत नाही.

---

ठसा

कोकणकन्या, याच कामासाठी मी इथे लॉगिन केलंय. मी स्वतः लाकडी ठसे कोरतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की चित्रकार फक्त रेखाटन देतो. पैसा आणि विषय प्रकाशकाचा. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. चित्रकाराचं पातळ कागदावरचं रेखाटन पालथं घालून फळीवर चिकटवतात आणि त्यावरूनच कोरतात, म्हणजे मूळ रेखाटन त्यातच संपतं. फळी रानटी चेरीच्या लाकडाची, तंतूंच्या दिशेने कापलेली. चेरी कठीण असते आणि तिचे तंतू एकसारखे, म्हणून बारीक रेघ उभी राहते. मी सागावर प्रयत्न करतो तेव्हा रेघ एका मिलिमीटरच्या खाली गेली की कडा भुरभुरतात.

केसांचं कोरणं हे कारखान्यातल्या सगळ्यात अनुभवी माणसाचं काम. नवशिके कपड्यांचे मोठे भाग कोरायचे, डोकं उस्तादाकडे. आणि बऱ्याचदा चित्रकार केसांच्या कडा पूर्ण काढतच नसे, दिशा दाखवून सोडून देई. कपाळावरची ती एकेक केसाची बारीक रांग कोरणाऱ्याची करामत. म्हणजे आपण 'उतामारोचे केस' म्हणून वाहवा करतो, त्यातली निम्मी दाद ज्याचं नाव बहुतेक वेळा चित्रावर नाही अशा माणसाला जायला हवी. मला हे मनापासून लागतं.

१७७० नंतर कानांवरचे केस पंख्यासारखे बाहेर काढायची फॅशन आली, आत एक लवचीक पट्टी घालून. उतामारोच्या चित्रात या केसांच्या पंख्यातून पलीकडची पार्श्वभूमी दिसते! विरळ रेघा, मधे मोकळी जागा. कोरताना त्या मोकळ्या जागेचं लाकूड काढायचं आणि रेघ उभी ठेवायची. मला तर ते बघूनच घाम फुटतो.

छापणाऱ्याचंही ऐका. प्रत्येक रंगाला वेगळी फळी. कागद जागेवर बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला खाच केलेली असते, तिला केंतो म्हणतात. रंग यंत्राने दाबत नाहीत, बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने (बारेन) मागून घासतात. पांढऱ्या किमोनोवर पांढरीच नक्षी हवी असेल तर शाई न लावता कोरी फळी घासतात, कागदावर नुसता उठाव येतो. पुस्तकात छापलेल्या फोटोत हा उठाव कधीच दिसत नाही. कागद हातात तिरपा धरला की मगच दिसतो. आणि उतामारोच्या चेहऱ्यांमागची चमक अभ्रकाच्या भुकटीची.

---

मुंजाबा

लेख चांगला आहे, पण मला एक गोष्ट खटकली आणि ती बोललीच पाहिजे.

योशिवारातल्या बायकांबद्दल लिहिताना 'फॅशन', 'नवीन नक्षी', 'नामांकित' हे शब्द वापरले की सगळं साजरं वाटतं. या मुली विकल्या गेलेल्या होत्या. बापाचं कर्ज, दुष्काळ, आणि सात-आठ वर्षांची पोर वस्तीत. चित्रात ज्या दोन लहान मुली गणिकेच्या मागे गोड दिसतात, त्या याच. वस्तीभोवती खंदक होता, कुणी पळू नये म्हणून. साधारण दहा वर्षांचा करार, त्यात कपड्यांचा खर्च त्यांच्याच नावावर चढायचा. म्हणजे ज्या किमोनोचं आपण कौतुक करतोय तोच त्यांच्या गळ्यातला दोर होता. मिनोवा भागात जोकान-जी नावाचं देऊळ आहे, तिथे योशिवारात मेलेल्या पंचवीस हजारांच्या आसपास बायका पुरल्या आहेत असं सांगितलं जातं. बेवारस मेलेल्यांना तिथे आणून टाकत.

आणि प्रकाशक त्सुताया जुझाबुरो? त्याचं पहिलं दुकान योशिवाराच्या दारातच. तो वस्तीची मार्गदर्शिका विकायचा, कुठल्या घरात कोण, दर काय. तोच पुढे उतामारोची चित्रं विकतो. मग ही चित्रं कला की जाहिरात, आणि जाहिरात असली तर कशाची, हे स्पष्ट म्हणायला हवं.

---

काजळरेघ

मुंजाबा, तुम्ही लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे आणि तो या धाग्यात यायलाच हवा होता. कपड्यांच्या कर्जाची बाब तर माझ्या 'कापडाकडे बघा' या म्हणण्याच्या गाभ्याशी जाते. कापडाकडे बघायचं ते ते कुणाच्या पैशाने आलं हे विचारण्यासाठीही.

फक्त एक चित्र तुम्ही बघावं अशी विनंती. उतामारोची योशिवारातल्या बारा प्रहरांची मालिका आहे, १७९४ च्या आसपासची. जपानी दिवसाचे बारा भाग, प्रत्येकाला एक चित्र. त्यातला बैलाचा प्रहर म्हणजे रात्री दोनचा सुमार. बाई अंथरुणातून उठून बाहेर निघाली आहे. किमोनो खांद्यावरून ओघळलेला, एका हातात जळता कागदी काकडा, दुसऱ्या हातात कागद. झोपेत डोळे मिटलेले, आणि पायाने चाचपडत सपाता शोधते आहे. नटणं नाही, गिऱ्हाईक नाही, नवीन नक्षी नाही. हे चित्र वस्तीत गिऱ्हाईक आणण्यासाठी काढलेलं आहे असं म्हणवत नाही. थकवा ज्याने बघितला आहे त्याने काढलंय. त्यामुळे उतामारोला दोषमुक्त करावं असं मी म्हणत नाही. तो त्याच धंद्यावर जगत होता. पण तेवढ्यावर त्याला मोडीत काढणंही मला जमत नाही.

---

निशिकासाई

मी टोकियोत राहते. मुंजाबा म्हणतात तोच वाद इथे २०२४ च्या वसंतात जोरात झाला. टोकियो कला विद्यापीठाच्या संग्रहालयात योशिवारावर मोठं प्रदर्शन भरलं होतं. सुरुवातीची जाहिरात इतकी चकचकीत होती की लोकांनी समाजमाध्यमांवर धारेवर धरलं: विकल्या गेलेल्या बायकांचा विषय आणि हा उत्सवी सूर कसला? मग आयोजकांनी खुलासा प्रसिद्ध केला. मी गेले होते. चित्रं अप्रतिम होती, आणि बघताना पोटात कालवतही होतं. दोन्ही एकाच वेळी झालं.

इथे येणाऱ्यांसाठी: हाराजुकूत ओता स्मृती संग्रहालय आहे, फक्त याच प्रकारच्या चित्रांचं. लहान जागा आहे, पण सावकाश बघता येतं. प्रकाशाने रंग उडतात म्हणून चित्रं सतत बदलतात, त्यामुळे एखादं ठरावीक चित्र बघायला येत असाल तर आधी चौकशी करा. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयातही या चित्रांचं दालन असंच बदलत राहतं.

ओता संग्रहालयातच होकुसाईच्या मुलीचं, कात्सुशिका ओईचं, योशिवाराच्या रात्रीचं चित्र आहे. हे हाताने रंगवलेलं. वस्तीतल्या घराच्या गजांमागे उजेडात बायका बसल्यात आणि बाहेर अंधारात बघे उभे आहेत. गजांच्या सावल्या जमिनीवर लांब पडल्यात. आतल्या बायकांचे चेहरे गजांनी कापलेले, नीट दिसतच नाहीत. ज्या विषयावर शेकडो पुरुषांनी चेहरे काढले, तिथे या बाईने चेहरा जवळजवळ झाकला. कुणी मला विचारलं की या सगळ्या परंपरेतलं एकच चित्र ठेव, तर मी हे ठेवीन.

---

मुंजाबा

@निशिकासाई, ओईबद्दल माहीत नव्हतं. चित्र शोधून बघितलं. खूप आभार.

---

करडईचंशेत

रंगाविषयी कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहितो. नैसर्गिक रंगांचं काम करतो, सोलापूरकडचा आहे.

या बायकांच्या ओठांचा लाल रंग, आणि जुन्या चित्रांतला गुलाबी-लाल छपाईचा रंगही, बेनीचा. बेनी म्हणजे आपली करडई! आपण ज्या पिकाचं तेल काढतो त्याच्याच फुलाच्या पाकळ्या. आपल्याकडेही कुसुंबी रंग याच फुलाचा. तिथे उत्तरेकडचा मोगामी भाग (आजचा यामागाता) यासाठी प्रसिद्ध. पाकळ्यांत पिवळा रंग भरपूर आणि लाल अगदी थोडा. पिवळा पाण्यात धुऊन जातो. मग पाकळ्या आंबवून त्यांच्या वड्या करतात. लाल काढायला राखेचं खारं पाणी लागतं आणि तो कापडावर किंवा भांड्यात बसवायला आंबट. तिथे धुरी दिलेल्या आंबट आलुबुखाऱ्याच्या जातीचं फळ वापरत, आपल्याकडे लिंबू. कृतीचा सांगाडा तोच. मी स्वतः करून बघितलंय: पोतंभर फुलं आणि हातात येतो चिमूटभर लाल.

म्हणून बेनी महाग. आणि महाग म्हणूनच १८१०-२० नंतर एक अजब फॅशन आली: खालच्या ओठावर बेनीचे इतके थर द्यायचे की लाल नाहीसा होऊन हिरवट सोनेरी चमक येते. शुद्ध बेनी दाट वाळला की खरंच असा चमकतो, शिंपल्याच्या आतल्या बाजूला लावून ठेवला की स्पष्ट दिसतं. एइसेनच्या चित्रांत खालचा ओठ हिरवा दिसला तर छपाई चुकलेली नाही, ती हीच फॅशन आहे. ज्यांना इतका बेनी परवडत नसे त्या आधी ओठाला काळी शाई लावत आणि वर बेनीचा पातळ हात देत. काम भागून जाई.

छपाईत मात्र बेनी टिकत नाही, उन्हाने उडतो. हारुनोबूच्या चित्रांतले फिकट, मातकट भाग पूर्वी गुलाबी किंवा निळे होते. आपण ज्याला 'हळुवार जपानी रंगसंगती' म्हणतो त्यात उडालेल्या रंगाचा वाटा मोठा आहे.

---

कोकणकन्या

हिरव्या ओठांचं वाचून थक्क झाले. शेतात करडईचे काटे टोचून घेतलेत, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

---

माजघर

मी वयाने बरीच मोठी आहे इथे. मला दातांबद्दल लिहायचंय. या चित्रांत बाईचं तोंड किंचित उघडं असेल तर दात काळे दिसतात. लेकीने मला विचारलं, "आई, दात किडलेत का तिचे?" मी म्हटलं, नाही गं, आपल्याकडेही होतं हे. माझ्या आजीचे दात दातवणाने काळेभोर होते आणि ती ते शोभेचं आणि सवाष्णपणाचं लक्षण मानायची. पांढरे दात म्हणजे कुत्र्याचे, असं म्हणायची. तिच्या दातवणात हिरडा आणि हिराकस असायचा. जपानातही लग्न झालेल्या बायका दात काळे करत असं वाचलं होतं. ते कशाने करत, कुणी सांगेल का?

---

करडईचंशेत

माजघर आजी, रसायन अगदी तुमच्या आजीचंच. त्यांच्याकडे लोखंडाचे तुकडे आंबट द्रवात मुरवून केलेलं पाणी आणि एका झाडावर येणाऱ्या गाठींची तुरट भुकटी. आपल्याकडे लोह हिराकसातून, तुरटपणा हिरड्यातून. लोह आणि तुरट द्रव्य एकत्र आलं की पक्का काळा. कापड काळं रंगवायचीही हीच रीत. १८७० मध्ये मेइजी सरकारने (शोगुनशाही संपल्यावर सम्राटाच्या नावाने आलेलं नवं सरकार) दरबारी सरदारांना हे बंद करायला लावलं आणि १८७३ मध्ये सम्राज्ञीने स्वतः सोडलं, त्यानंतर बायकांमध्येही ओसरत गेलं.

---

काजळरेघ

आजी, किती मोलाचं लिहिलंत! चित्र वाचायला याचा थेट उपयोग होतो. काळे दात म्हणजे बहुधा लग्न झालेली. भुवया काढलेल्या असतील तर बहुधा मूल झालेली. लांब लोंबत्या बाह्या म्हणजे अविवाहित मुलगी. ओबीची गाठ पुढे आणि डोक्यात काट्यांचं आख्खं जंगल म्हणजे वरच्या दर्जाची गणिका. गेइशाचा साज साधा, गाठ मागे. उतामारोने मुलाला पाजणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, केस विंचरून देणाऱ्या बायकाही भरपूर काढल्या, त्या या खुणांवरून लगेच कळतात.

---

मागवाला

इचलकरंजीकडून नमस्कार. कापडाकडे बघा म्हणालात म्हणून बघितलं, आणि पट्ट्यांवर अडकलो. १८०० नंतरच्या चित्रांत उभ्या पट्ट्या किती! एखादीच्या अंगावर तपकिरीवर काळी बारीक रेघ, बस्स. हे कुठून आलं?

---

काजळरेघ

मागवाला, तुम्ही नेमकी माझ्या आवडीची जागा पकडलीत. याचं एक टोक भारतात आहे.

डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून नागासाकीला भारतीय सुती कापड यायचं. कोरोमंडल किनाऱ्यावरचं पट्ट्यांचं कापड तिथे 'सांतोमे' नावाने ओळखलं जाई, चेन्नईजवळच्या सां तोमेवरून. छापील भारतीय कापडाला 'सारासा'. बंगालचं पट्टेरी 'बेंगारा'. ही कापडं महाग, म्हणून लहान तुकडे बटव्याला, अस्तराला. मग जपानी विणकरांनी स्वतःच सांतोमे विणायला घेतलं आणि ते सर्रास झालं.

पट्टे चालण्याचं दुसरं कारण सरकारी हुकूम. सामान्य शहरवासीयांनी भडक रंग, भरजरी काम, अमुक रेशीम वापरायचं नाही, असे हुकूम पुन्हा पुन्हा निघत. लोकांनी मग तपकिरी आणि करड्यावरच जीव लावला. अठ्ठेचाळीस तपकिरी आणि शंभर करडे, अशी म्हणच आहे त्यांच्यात. लांबून साधं, जवळ गेलं की विणीतली कारागिरी. पैसा अस्तरात लपवायचा. एदोतल्या फुकागावा भागातल्या गेइशा तर हिवाळ्यातही पायात मोजे घालत नसत आणि वर 'हाओरी' हा पुरुषांचा अंगरखा चढवत. थंडीने मेलो तरी बेहत्तर, पण मिरवणार नाही, असा तो तोरा. १८४२ मध्ये तेंपो नावाच्या सरकारी सुधारणांत नट, गणिका आणि गेइशा यांच्या चित्रांवरच बंदी आली, तेव्हा कुनियोशीने सत्शील बायकांच्या मालिका काढल्या. तिथेही चौकटी आणि पट्टे इतक्या निगुतीने काढलेत की विषय सद्गुण असला तरी डोळा कापडावरच जातो.

---

मागवाला

सां तोमेचं माहीत नव्हतं. पट्टा हा विणकराला सगळ्यात स्वस्तात पडणारा नखरा आहे, ताण्यात रंग बदलला की झालं. हुकूमही पाळला जातो आणि माग पण थांबत नाही. आता ही चित्रं ताण्याचे धागे मोजत बघणार.

---

अनाहूत७

हे सगळं मेइजीनंतर संपलं का? रेल्वे, फोटो आले तसं?

---

ठसा

संपलं नाही, वळण घेतलं. योशितोशीने १८८८ मध्ये बत्तीस बायकांची मालिका केली, वेगवेगळ्या काळातल्या आणि थरातल्या. प्रत्येकीला एक क्षणाची अवस्था: एकीच्या डोळ्यात धूर गेलाय, एकीला उकडतंय. शेवटाकडची एक पाश्चात्त्य झग्यात, हॅट घालून फिरायला निघालेली. चिकानोबूने १८९७-९८ मध्ये आधुनिक मुली काढल्या, छत्र्या वगैरे घेतलेल्या. तोपर्यंत परदेशी रासायनिक रंग आले होते, त्यातला लाल डोळ्यात खुपतो. मला तो आवडत नाही, हे स्पष्ट सांगतो.

मग विसाव्या शतकात वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने जुनीच पद्धत, चित्रकार-कोरणारा-छापणारा, नव्या चित्रकारांना घेऊन उभी केली. इतो शिन्सुईचं आरशापुढच्या बाईचं चित्र १९१६ चं, नुसता लाल किमोनो आणि काळे केस. हाशिगुची गोयोची केस विंचरणारी १९२० ची. आणि कोबायाकावा कियोशीची १९३० ची मुलगी: आखूड केस, हातात सिगरेट, पुढ्यात कॉकटेलचा पेला, गालावर नशेची लाली. पद्धत दोनशे वर्षांपूर्वीची, फळीवर कोरलेली, आणि ती सरळ तुमच्याकडे बघते आहे.

---

कोकणकन्या

शेवटचा प्रश्न. घरात लावायला एखादं चित्र घ्यायचं असेल तर? जुनं अस्सल तर परवडणार नाही.

---

ठसा

जुन्याच पद्धतीने नव्याने कोरून छापलेली मिळतात. टोकियोत मेजिरोला अदाची संस्था हेच करते, उतामारोसकट. ते खरे ठसे असतात, छपाई हाताची, फक्त फळ्या आत्ताच्या. पोस्टर आणि ठसा ओळखायचा असेल तर भिंग घ्या: रंगात ठिपक्यांची जाळी दिसली की ते यंत्रावरचं. हातचा असेल तर रंग कागदाच्या तंतूत मुरलेला असतो, आणि उलटं करून बघितलं तर पाठीमागे रंग उतरलेला आणि बारेनचे गोलाकार घासे दिसतात. फ्रेम करताना काचेला कागद चिकटू देऊ नका, मधे पुठ्ठ्याची चौकट हवी. आणि ज्या भिंतीवर ऊन येतं तिथे लावू नका. करडईचंशेत यांनी लिहिलंय तसं, लाल आधी जातो.

---

निशिकासाई

आणि काचेचं खेळणं फुंकणाऱ्या मुलीचं चित्र मिळालं तर तेच घ्या. उतामारोचं, लाल-पांढऱ्या चौकटींचा किमोनो, वर चेरीची फुलं. वर काजळरेघ यांनी इचिमात्सुबद्दल लिहिलंय, त्याच चौकटी. अदाचीकडे त्याचा ठसा मी बघितलाय, मागची अभ्रकाची चमकही आहे त्यात.